अठ्ठावीस इंच, दोन सूत

पत्र आलं तेव्हा घड्याळजी एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून बसला होता. टपालवाल्याने पाकीट दुकानाच्या फळीवर ठेवलं. जाडजूड होतं आणि त्यावर तीन ठिकाणी लाख होती. "तुमच्या त्या पाऱ्याच्या माणसांचं," असं म्हणून टपालवाला गेला. पाऱ्याची माणसं म्हणजे कोण, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सतरा गावं आणि सतरा माणसं. त्यांत एक डॉक्टर होता, दोन शाळामास्तर होते, एक माळी होता, एक दीपगृहाचा रखवालदार होता आणि एक आपला घड्याळजी. प्रत्येकाच्या घरात काचेची एक उभी नळी, तिच्यात पारा. हवेला वजन असतं. हवा जड झाली की पारा चढतो, हलकी झाली की उतरतो. सतराही नळ्या एकाच कारागिराने एकाच मापाने केलेल्या. शेजारी पितळी पट्टी, तिच्यावर इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ही सतरा माणसं आपापल्या नळीसमोर उभी राहत आणि पारा कुठे आहे, वारा कुठून आहे, आकाश कसं आहे, एवढं वहीत लिहीत. त्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. महिना संपला की वहीची नक्कल लांबच्या विद्यापीठाच्या शहरात जाई. तिथे गणित शिकवणारा एक माणूस सतराही रकाने शेजारी शेजारी मांडी आणि वर्षातून एकदा त्यांचं पुस्तक छापी. त्याच्या पत्रात शब्द कमी आणि आकडे जास्त असत, म्हणून घड्याळजीच्या घरात त्याला आकडेमास्तर म्हणत.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर एका माणसाला दिसतं ते त्याच्या अंगणाएवढंच आकाश. हवा येते कुठून आणि जाते कुठे हे कळायला अंगणाला अंगण जोडावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं. बावीस वर्षं करून बघावं म्हणजे कळेल. ताप असो, पाहुणे असोत, बाहेर भांडण पेटलेलं असो, सात वाजले की उठायचं. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको गेली त्या दिवशी त्याने पाऱ्याचा आकडा लिहिला होता, वारा लिहिला होता, आणि आकाशाच्या घरात लिहिलं होतं, 'पाहिलं नाही'. छापील पुस्तकात ते दोन शब्द तसेच होते. असल्या माणसांना मी मानतो. जगाने त्यांची नावंसुद्धा विचारली नाहीत, तरी त्यांनी एक दिवस कधी गाळला नाही.

या सतरा जणांत घड्याळजीचा रकाना म्हणजे कळसच. सोळा हजार आकडे आणि एकही घर रिकामं नाही. सात म्हणजे त्याच्याकडे सातच. त्याचं घड्याळ सातला दोन मिनिटं म्हणेल तर सूर्याने आपलं तपासावं. एका वर्षीच्या प्रस्तावनेत आकडेमास्तरांनी लिहिलं होतं, 'शंका आल्यास घड्याळजींच्या रकान्याकडे पाहावे.' हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. आपण होऊन तो ते कुणाला सांगत नसे, पण बोलणं फिरवून फिरवून तिथवर आणण्यात त्याचा हातखंडा होता.

तर त्याने हात पुसले, लाख फोडली. आत पत्र होतं आणि घडी घातलेला एक नकाशा.

पत्र दोन वर्षांपूर्वीच्या एका वादळाविषयी होतं. खालच्या सपाटीवर त्या वादळाने छपरं उडवली होती, नावा बुडवल्या होत्या. आकडेमास्तरांनी त्या संध्याकाळचे सगळ्या गावांचे वारे नकाशावर बाणांनी काढले होते, आणि काढता काढता त्यांच्या हाताखाली काहीतरी उमटलं होतं. पूर्वेच्या गावांत वारा एका दिशेने, पश्चिमेच्या गावांत बरोबर उलट, मधल्या गावांत आडवा. सोळाही बाण एका जागेभोवती गोल फिरत होते. आणि त्या जागेच्या जितकं जवळ जावं तितका पारा खाली. वादळ म्हणजे सरळ धावणारा वारा नव्हे. ती एक अवाढव्य भिंगरी असते, तिच्या मध्यात हवा सगळ्यात हलकी असते आणि सगळी भिंगरी चालत पुढे सरकते, असं त्यांना वाटू लागलं होतं. हे आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. खरं ठरलं असतं तर वादळ येण्याआधी पुढच्या गावाला सावध करता आलं असतं.

'त्या भिंगरीच्या बरोबर मध्यात तुमचं गाव येतं,' पत्रात पुढे होतं. 'माझ्या हिशोबाने तुमच्याकडे त्या संध्याकाळी पारा अठ्ठावीस इंचांच्या किंचित वर असायला हवा होता. तुमच्या रकान्यात एकोणतीस इंच दोन सूत आहे. बाकी सोळा जणांवर मी शंका घेऊ शकतो, तुमच्यावर नाही. तेव्हा चूक माझ्या कल्पनेची आहे. महिन्याअखेरीस विद्यापीठातल्या सभेपुढे निबंध वाचणार होतो, तो मागे घेत आहे. तुमच्या अचूकपणाने मला एका मोठ्या चुकीतून वाचवलं, त्याबद्दल मनापासून आभार.'

'शंका घेऊ शकतो, तुमच्यावर नाही' इथवर वाचताना घड्याळजीची छाती चांगली फुगली होती. मग त्याने तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. आणि तो समोरच्या स्टुलावर मटकन बसला, ज्यावर त्या घड्याळाची चाकं सुट्टी करून ठेवलेली होती.

त्या दिवशी तो घरी नव्हता.

शेजारच्या गावातल्या मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलं होतं, आणि ते उघडायची छाती पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नव्हती. एक रात्र मुक्काम करावा लागणार होता. वीस वर्षांत पहिल्यांदा पाऱ्याचं काम दुसऱ्यावर सोपवायची वेळ आली. बायकोने आधीच हात वर केले. तिला त्या बारीक रेघा बघूनच गरगरे. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मी बघीन.

सासूबाईंचं कापडाचं दुकान घड्याळजीच्या दुकानाला लागूनच होतं. नवरा गेल्यापासून त्या लेकीकडे राहत आणि दुकान चालवत. चाळीस वर्षं हातात कापड मोजायचा गज धरलेली बाई. गिऱ्हाईक घरी जाऊन मुद्दाम पुन्हा मोजे आणि दुसऱ्या दिवशी खाली मान घालून येई. सुताचा फरक त्यांना डोळ्यांनी कळे, पट्टी लावावी लागत नसे. जीभही डोळ्यासारखीच धारदार. पाऱ्याच्या नळीला त्या आपल्या लेकीची सवत म्हणायच्या. "सकाळ-संध्याकाळ न चुकता हिचं तोंड बघता, जावईबापू," असं त्यांनी एकदा पाहुण्यांदेखत सुनावलं होतं, "माझ्या लेकीचं कधी इतकं निरखून पाहिलंत?"

घड्याळजीने त्यांना आठ दिवस शिकवलं. पाऱ्याच्या पातळीत डोळा आणायचा, श्वास धरायचा, आधी सूत बघायचं, मग इंच. पाचव्या दिवशीच दोघांचे आकडे जुळायला लागले. तो निर्धास्त गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी परतला आणि बूट न काढताच वहीपाशी गेला. सासूबाईंनी तीन आकडे लिहिले होते. सकाळी एकोणतीस इंच एक सूत. संध्याकाळी अठ्ठावीस इंच दोन सूत. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणतीस इंच दोन सूत. संध्याकाळच्या आकड्याशेजारी वारा: काही नाही. आकाश: भरलेलं, पण स्तब्ध.

त्याला हसू आलं. दोन एकोणतिसांच्या मध्ये एक अठ्ठावीस. सूत बरोबर पाहिलं, इंच चुकला. नवशिक्याकडून हीच चूक होते. तो त्यांना तोंडावर आई म्हणत असे. "आई," तो म्हणाला, "इथे एक इंच सांडला तुमच्याकडून."

"सांडला नाही," सासूबाई म्हणाल्या. "पारा तिथेच होता. मी दोनदा पाहिलं."

मग त्याने त्यांना समजावलं. वीस वर्षांत पारा अठ्ठावीस इंच सात सुतांच्या खाली कधी उतरला नव्हता. इतका खाली उतरता तर घरावर छप्पर राहिलं नसतं, आणि त्या संध्याकाळी तर, बायकोच सांगत होती, गावात चुलींचा धूर सरळ रेघेसारखा वर जात होता. सासूबाई म्हणाल्या की छपरांचं त्यांना काही सांगता येणार नाही, त्यांनी पारा पाहिला होता. तो आणखी नम्रपणे समजावत राहिला. जावई नम्र झाला की सासूला पुढे बोलता येत नाही. त्या उठून आपल्या दुकानात गेल्या.

या मंडळींचा एक नियम होता, सातवा. लिहिलेला आकडा बदलायचा नाही. शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढायचं, पण आकड्याला हात लावायचा नाही. जो लावील त्याचा सगळा रकाना पुस्तकातून काढला जाईल, मागचा-पुढचा सगळा, आणि पुन्हा त्याचा हात नोंदवहीला लागणार नाही. हा नियम घड्याळजीचा सगळ्यात लाडका. एका गावच्या वैद्याने परगावी असताना नऊ दिवसांचे आकडे मनाने भरले होते, तेव्हा त्याची अकरा वर्षं पुसून टाका असं कडक पत्र घड्याळजीनेच लिहिलं होतं आणि ती पुसली गेली होती. पण आपण करतोय तो बदल नव्हे, ही दुरुस्ती आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुरुस्ती करणं हा त्याचा धंदाच होता. ज्या पात्याने तो केसाएवढ्या स्प्रिंगवरचा गंज काढी, त्याच पात्याने त्याने आठ खरवडला आणि तिथे नऊ काढला. काम इतकं सफाईचं झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

एवढ्यावर थांबता तरी पुष्कळ होतं. पण जेवताना त्याने ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली. आईंनी एक इंच खाल्ला. बायको हसली. मग ती गोष्ट दुकानात गेली, दुकानातून गल्लीत. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारायला लागली, "आमचा इंच नाही ना खाल्ला?" सगळे गमतीनेच म्हणत. चार महिन्यांत सासूबाईंनी गज लेकीच्या हातात दिला. डोळे दमले आता, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या मागच्या खोलीत बसून कापलेल्या तुकड्यांच्या घड्या घालत होत्या. वय झालं, असं सगळे म्हणाले. घड्याळजीही म्हणाला.

हे सगळं त्याला त्या स्टुलावर बसल्या बसल्या आठवलं. त्याने दोन वर्षांपूर्वीची वही काढली, पान दाराकडे उजेडात धरलं. नवाच्या भोवती कागद विरला होता आणि तिथून उजेड जास्त येत होता.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. बायको व्यवहारी. तिने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली की झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांत कुणी बोललं नाही, आता आपण होऊन हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि अगदीच राहवत नसेल तर त्या दिवशी नळी बिघडली होती असं लिहावं; नळी काय उलट बोलायला येणार आहे? बावीस वर्षं तिने त्याला रोज दोनदा ताटावरून उठताना पाहिलं होतं. ती वर्षं काही एकट्या त्याची नव्हती.

सल्ला मोहात पाडणारा होता. नळीच्या दोषाला नियमात माफी होती. एक प्रश्नचिन्ह पडलं असतं आणि रकाना शाबूत राहिला असता. घड्याळजीने तसं पत्र लिहायलाही घेतलं. 'त्या दिवशी नळीत हवेचा बुडबुडा शिरल्याचा संशय आहे' इथवर आला आणि थांबला. नळी खरं बोलली होती. सासूबाईंनी खरं वाचलं होतं. एका लबाडाला वाचवायला दोन खऱ्यांना खोटं पाडायचं, असा हा हिशोब होता. शिवाय आकडेमास्तरांच्या नकाशात मधोमध भोक पडलं असतं. त्यांची कल्पना खरीही नाही, खोटीही नाही, अशी लोंबकळत राहिली असती. जो एक आकडा त्यांना हवा होता तो जगात एकाच बाईने पाहिला होता.

त्याने तो कागद फाडला, नकाशा घेतला आणि मागच्या खोलीत गेला.

सासूबाई जमिनीवर बसून घड्या घालत होत्या. तो त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. असा तो कधी बसत नसे, म्हणून त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"आई, त्या संध्याकाळी तुम्ही अठ्ठावीसच पाहिला होता?"

तो वाट बघत राहिला की आता त्या फटकारतील, दोन वर्षांचं व्याजासकट वसूल करतील. त्या म्हणाल्या, "आता मला सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"तेव्हा ठाम होते. मग सगळे म्हणायला लागले चुकलं, चुकलं. आता डोळे मिटून आठवायला गेले तर मलाच एकोणतीस दिसतो."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला परवडलं असतं. त्याने वहीतला एक आकडा खरवडला होता असं तो आजवर समजत होता. ते पातं इथे येऊन लागलं होतं.

त्याने नकाशा त्यांच्या गुडघ्यासमोर पसरला आणि सांगू लागला. हे गाव, हा तिथला वारा. हे दुसरं. सासूबाईंनी बोट टेकवून एकेका बाणावरून फिरवलं, शिवण तपासावी तसं, आणि सोळावा बाण संपला तेव्हा त्यांचं बोट निघालं तिथेच परत आलं.

"हे काजाभोवतीचे टाके झाले," त्या म्हणाल्या. "पण मग मधे काज हवं."

"आहे. आपल्या या घरात आहे. तुम्ही पाहिलंत आणि मी ते शिवून टाकलं."

त्यांनी विचारलं की तो आता काय करणार, आणि त्याने खरं ते लिहिणार म्हटल्यावर त्याच्या रकान्याचं काय होणार. जाणार, तो म्हणाला. सगळा? सगळा. त्यांनी पुन्हा तुकडा हातात घेतला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्यांना तो नियम ठाऊक होता. घड्याळजीने जेवताना तो शंभरदा ऐकवला होता.

"नका लिहू," त्या शेवटी म्हणाल्या. "मला कळलं, तेवढं पुरे. माझ्या एका संध्याकाळपायी तुमची बावीस वर्षं कशाला घालवता?"

हे त्या मनापासून म्हणत होत्या, आणि त्याला ते समजलं. त्या क्षणी त्याला त्या बाईपुढे स्वतःची सगळी अचूकता फार किरकोळ वाटली. तो म्हणाला, "आई, त्या माणसाला खरी गोष्ट सापडलीय आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून ती फेकून देतोय. माझ्यावर शंका घेतली असती तर वाचला असता बिचारा."

पत्र त्याने दुकानातच लिहिलं, भर दुपारी, समोर गिऱ्हाईक उभं असताना. आढेवेढे घेतले नाहीत. 'त्या संध्याकाळी मी गावात नव्हतो. पारा माझ्या सासूबाईंनी पाहिला. त्यांनी अठ्ठावीस इंच दोन सूत असं लिहिलं होतं. मला ते अशक्य वाटलं म्हणून मी आठ खरवडून नऊ केला. त्यांचा आकडा खरा, माझा खोटा. तुमचा निबंध मागे घेऊ नका. सातवा नियम मला ठाऊक आहे.' उभ्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, काय लिहिताय एवढं? घड्याळजीने त्याला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ज्या आवाजात विनोद सांगितला होता त्याच आवाजात सांगितलं, आणि त्यानंतर जो येईल त्याला सांगत राहिला. आठवड्याभरात गल्लीत ही गोष्टही पसरली. वाईट गोष्टीपेक्षा जरा सावकाश पसरली, पण पसरली. एका सकाळी बायकोने गज आईच्या मांडीवर नेऊन ठेवला आणि स्वतः मागच्या खोलीत घड्या घालायला बसली.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर घड्याळजी सकाळ-संध्याकाळ नळीसमोर उभा राहत होता, पण लिहीत नव्हता. पत्र आपणच पाठवलं म्हटल्यावर नियमही आपणच आधी पाळायचा, असं त्याने ठरवलं होतं. पारा बघायचा आणि तसंच वळायचं. भरल्या ताटावरून उठून जाण्यासारखं होतं ते. बायकोने त्याला एवढा हवालदिल कधी पाहिला नव्हता.

यावेळी पाकीट पातळ होतं. घड्याळजीने ते घरात नेलं आणि दोघींसमोर उभ्याने मोठ्याने वाचलं.

'तुमचं पत्र सभेच्या आदल्या दिवशी पोचलं,' आकडेमास्तरांनी लिहिलं होतं. 'निबंध वाचला. माझ्या हिशोबाने भिंगरीच्या मध्यात अठ्ठावीस इंच दीड सूत यायला हवं होतं. तुमच्या सासूबाईंनी दोन सूत पाहिलं. अर्ध्या सुताची चूक माझ्या हिशोबात असणार, ती शोधतो आहे.

'सातवा नियम लागू करावा लागला. मी सगळ्यांना पत्रं लिहून विचारलं. दीपगृहाच्या रखवालदाराने दोन पत्रांत विरोध केला, तिसऱ्यात मान्य केलं. तुमच्या रकान्यावर मी स्वतः रेघ मारली. आयुष्यात इतकी वाकडी रेघ माझ्या हातून कधी आली नव्हती.

'पण अठ्ठावीस इंच दोन सूत हा आकडा तुमचा नाही. त्यावर रेघ मारायचा अधिकार मला नाही. त्याच्यासाठी नवा रकाना उघडला आहे. सध्या त्यात तो एकच आकडा आहे. वर लिहिलं आहे: कापडवाल्या, पूर्वीच्या निरीक्षकांच्या सासूबाई. रकाना पुढे चालू ठेवतील का, हे त्यांना विचारावं. तुमचा हात वहीला लागता कामा नये, हे आपण दोघेही जाणतो.'

घड्याळजीने कागदाची घडी घातली. सोळा हजार आकडे गेले होते आणि एक राहिला होता. त्याला वाईट वाटलं, खूप वाटलं, त्याचे डोळे भरून आले. पण त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल, ज्याने प्रेम असून रेघ मारली आणि गरज असून नियम मोडला नाही, त्याला जे वाटलं ते त्याहून मोठं होतं. अशा माणसाच्या पुस्तकातून आपण गेलो यातही त्याला एक मान वाटला.

बायको आईकडे बघत होती. सासूबाईंनी विचार करायला वेळ मागितला नाही. संध्याकाळी सातला पाच मिनिटं असताना त्यांनी वही टेबलावर घेतली, नवं पान उघडलं, खुर्ची ओढून बसल्या आणि दौतीत लेखणी बुडवली. घड्याळजी दाराशी उभा होता. सवयीने आला होता. आता इथे आपलं काय काम, असं वाटून परत फिरणार होता.

"तिकडे कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "पारा कोण बघणार?"

"तुम्ही. रकाना तुमचा आहे."

"रकाना माझा, म्हणून लिहिणार मी. हात लागता कामा नये म्हणतात ते. डोळ्याबद्दल काही म्हणत नाहीत." त्यांनी लेखणीचं टोक दौतीच्या काठावर टिपलं. "आणि बरोबरच आहे त्यांचं. तुमच्या डोळ्यात कधीच खोट नव्हती, जावईबापू. तुमचा हात तेवढा आगाऊ आहे. या, उभे राहा."

घड्याळजी नळीसमोर गेला. डोळा पाऱ्याच्या पातळीत आणला, श्वास धरला. दुकानातली घड्याळं एकामागून एक सात ठोके देत होती. आधी सूत पाहिलं, मग इंच. मग पुन्हा इंच पाहिला.

"एकोणतीस इंच, चार सूत."

सासूबाईंनी लिहिलं. लिहून झाल्यावर टीपकागद दाबला. वर पाहिलं नाही. घड्याळजी तिथेच घुटमळला.

"आई, तुम्ही एकदा येऊन बघून घेता का?"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत ना."